आधी नाव, मग गाव

ओतूरच्या बाजारात माझा चेहरा फारसं कुणी ओळखत नाही. पण भाजीवालीला "मेथी कशी दिली?" एवढं विचारलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघतं. "ताई, तुमी दवाखान्यातल्या न्हवं? फोनमधल्या?" असं विचारतं. मी हो म्हणते. नोकरी सोडून बरेच दिवस झाले तरी हे चाललेलं आहे. आमच्या भागात माझ्या आवाजाची जेवढी ओळख आहे, तेवढी माझी नाही.

परवा भाचेसून आली होती. मंचरला दातांचा दवाखाना काढतेय. तिच्या फोनवर, ती नसताना लागणारा निरोप माझ्या आवाजात हवा म्हणाली. "मावशी, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. छान प्रोफेशनल करून द्या." मी करून दिला. पहिलंच वाक्य ऐकून ती जरा नाराज झाली. "मी इथे नाही, हे यंत्र बोलतंय," असं ते वाक्य होतं. "हे आधी कशाला सांगायचं? नमस्कार, स्वागत असं काहीतरी हवं ना," असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, राहू दे, माझं ऐक. कारण काही सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

मी मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. तेव्हा फोन लावायचा म्हणजे आधी आम्हाला सांगावं लागे, मग आम्ही बोर्डावर वायर खुपसून जोडून द्यायचो. मी रोजंदारीवर होते. तिथे अंगात भिनलेली शिस्त एकच: आधी नाव, मग गाव, मग काम. समोरचा कितीही घाईत असला तरी क्रम मोडायचा नाही. नव्वदीच्या सुरुवातीला बोर्ड गेला, आपोआप फोन लागायला लागले आणि आम्ही मुली घरी बसलो. ओतुरातल्या एका डॉक्टरांना माझा आवाज माहीत होता. रोज त्यांचे कॉल मीच जोडायची. त्यांनी बोलावून घेतलं. दहा खाटांचा दवाखाना. केसपेपर काढणं, फोन घेणं आणि आलेल्या माणसाला धीर देणं, ही माझी कामं. पंचक्रोशीत हे डॉक्टर सर्पदंशासाठी नावाजलेले. आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. तर पान लागलेलं माणूस आलं, की डॉक्टर जेवणाच्या ताटावरून उठत. फोन आला तर स्वतःच्या जीपमधून औषध घेऊन निघत.

मग एक दिवस ते यंत्र आलं. डॉक्टरांच्या मेव्हण्यानं मुंबईहून आणलेलं, वहीच्या आकाराचं, आत दोन छोट्या कॅसेट, एक आपल्या निरोपाची, दुसरी लोकांच्या बोलण्याची. फोन कुणी उचलला नाही की ते स्वतः उचलायचं, आपला निरोप ऐकवायचं, मग एक 'पीं' असा आवाज आणि त्यानंतर समोरचा जे बोलेल ते टेप व्हायचं. निरोप आला की लाल दिवा लुकलुकायचा. डॉक्टर म्हणाले, "ताई, आता रविवारी तुम्हाला सुट्टी. हे बघेल." दवाखान्यात लागल्यापासून मला पूर्ण रविवार मिळाला नव्हता. त्या डब्याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

निरोप मीच भरायचा होता. वाटतं तेवढं हे काम सोपं नाही. पंखा बंद करायचा, नाहीतर घरघर येते. खिडकी लावायची, कारण समोर एसटी स्टँड. कोमट पाणी प्यायचं. ताठ बसायचं, कारण वाकून बसलं की आवाज पोटातून न येता गळ्यातून येतो. कागदावर लिहून घ्यायचं, पण वाचल्यासारखं वाचायचं नाही. शेवटच्या शब्दानंतर एक श्वास सोडायचा आणि मगच बटण दाबायचं, नाहीतर 'धन्यवाद'मधला 'द' कापला जातो. मी अकरा वेळा भरला. अकराव्या वेळी डॉक्टर म्हणाले, रेडिओवर लागल्यासारखं वाटतंय. मी खूश.

निरोप असा होता: "नमस्कार. डॉक्टर सध्या दवाखान्यात उपलब्ध नाहीत. कृपया आवाजानंतर रुग्णाचं नाव, गाव आणि तक्रार या क्रमानं सांगावी. डॉक्टर लवकरात लवकर आपल्याशी संपर्क साधतील. धन्यवाद." क्रम माझा, एक्स्चेंजमधला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "गाव आधी घ्यायचं का?" मी म्हटलं, नावाशिवाय केसपेपर निघत नाही. बोलायला एक मिनिट ठेवलं, तेही मीच. मोकळं सोडलं तर लोक घरची सगळी कहाणी सांगतील आणि कॅसेट भरेल, असा माझा हिशेब.

पहिल्या महिन्यात त्या कॅसेटवर काय काय आलं! निम्मे लोक काही न बोलता ठेवून द्यायचे. एका आजोबांनी मला झापलं होतं, "आगं बाई, माझं ऐकून तरी घे, मधीच काय बोलतीस." एक बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि "बरं, ठेवते मंग," म्हणून ठेवायच्या. एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन म्हणाले, "काल फोनवर लई तुटक बोलला राव तुमी. आमचं काय चुकलं का?" हसून हसून आमची पोटं दुखली. मी त्या हसण्यात होते, हे सांगायला हवं. ही माणसं मला यंत्र समजत नव्हती, मी समोर आहे असंच धरून चालत होती. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते फक्त गमतीचं वाटलं.

नाव झालं तसं इतरांचेही निरोप भरायला बोलावणी येऊ लागली. भीमाशंकरला उतारूंसाठी खोल्या देणारे एक काका होते, त्यांनी नवीन मशीन घेतलं. त्यांना निरोपात आधी शंकराचं स्तोत्र हवं होतं, अख्खं. मी म्हटलं, काका, स्तोत्र संपेपर्यंत लोकांचा रुपया संपेल. ते म्हणाले, "संपू द्या की. दर्शनाला निघालाय, त्येवढं पुण्य आधीच पदरात." त्यांच्या समाधानासाठी भरलं. श्रावण आला, लोक फोन करत, स्तोत्र ऐकत, हात जोडत आणि खोली न सांगताच फोन ठेवत. महिन्याभरात काकांनी स्वतःच ते पुसलं.

आता खरं सांगायचं ते सांगते.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. बाजरी निघाली होती आणि शेताशेतात मेंढरं बसली होती. आमच्याकडे पीक निघालं की शेतकरी धनगरांना बोलावतात. मेंढरं रात्री रानात बसतात, लेंडीखत पडतं, बदल्यात धान्य मिळतं. धनगरांच्या त्या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. चार काठ्या, मेंढरांभोवती वाघर नावाचं जाळं, घोड्यावर संसार. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या.

डॉक्टर नारायणगावला नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. मी घरी चकलीची भाजणी भाजत होते. साडेतीनच्या सुमारास डॉक्टरांची जीप माझ्या दारात उभी राहिली. ते उतरले नाहीत. "ताई, चला. एक आवाज ओळखायचाय," एवढंच म्हणाले. मी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि बसले.

दवाखान्यात त्यांनी कॅसेट मागे घेऊन लावली. आधी माझा आवाज नाही, तो दुसऱ्या कॅसेटवर होता. 'पीं' झालं आणि मग नुसता श्वास. मागे तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज, म्हणजे दुकान असावं. मग एक बाई बोलली, हळू, लाजून.

"ताई, म्या बोलतेय. वळखलं का?"

मग ती थांबली. माझ्या उत्तरासाठी.

"नाव… नाव कसं सांगू, ताई. बायडीचं वडील हो. मागं बायडीच्या कानाला आलो व्हतो, तुमीच कागद काढला. तुमी लिवलं व्हतं की नाव. बगा ना कागदात."

पुन्हा थांबली. या वेळी बराच वेळ. ती थांबली होती, म्हणजे मी कागद शोधतेय असं तिला वाटलं असणार.

"घावला का? ऐकताय न्हवं? त्यास्नी पान लागलंय, हाताला. वाघर काढताना. लई घाम सुटलाय. आमी आता हितं—"

'पीं.' एक मिनिट संपलं होतं. पुढचं ती बोलली असणार, पण यंत्रानं ते घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या लाल दिव्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मला आवाज ओळखता येत नाहीये. आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला होता. हौसाबाई. श्रावणात आठ वर्षांच्या बायडीला घेऊन आली होती. कान फुटला होता पोरीचा. मी केसपेपर काढताना मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा ती हसून भिंतीकडे बघायला लागली होती. शेवटी बायडीनंच नाव सांगितलं आणि मी लिहिलं.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. लग्नकार्यात उखाण्यात गुंफून घेतील तेवढंच. आणि हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. माझ्या आईनं जन्मात वडिलांचं नाव उच्चारलं नाही. रेशनकार्डाच्या रांगेत नाव सांगायची वेळ आली की ती मला पुढं ढकलायची. हे सगळं माहीत असलेल्या मी, चार बुकं शिकलेल्या मी, खिडकी लावून, कोमट पाणी पिऊन, यंत्रात सांगून ठेवलं होतं: आधी नाव. आणि ती बाई, जिचा नवरा रानात पडला होता, ती माझा शब्द मोडायचा नाही म्हणून नावापाशीच अडून बसली. मिनिट संपेपर्यंत गावापर्यंत पोचलीच नाही.

केसपेपर काढला. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मेंढपाळ, मुक्काम फिरता'.

आम्ही जीपमधून निघालो. कुठं मेंढरं बसलीत, हे वाटेत भेटेल त्याला विचारत होतो. एकानं डिंगोऱ्याकडे सांगितलं. तिथला वाडा दुसऱ्यांचा निघाला. तिथल्या म्हाताऱ्यानं उदापूरच्या बाजूला हात केला. रस्त्याकडेला एक किराणा दुकान दिसलं, दाराशी रुपया टाकायचा फोन. मी उतरून विचारलं. दुकानदार म्हणाला, "आली व्हती की बाई. म्याच नंबर लावून दिला. म्हनली, दवाखान्यातल्या ताईंशी बोलनं झालं, डाक्टर येत्याती. आन् निवांत गेली." किती वाजता, असं डॉक्टरांनी विचारलं. "एक वाजला आसंल."

निवांत गेली. तो शब्द मला आजही सहन होत नाही. तिला खात्री होती. लवकरात लवकर संपर्क साधतील, असं मीच तर म्हटलं होतं. रेडिओवर लागल्यासारख्या आवाजात.

दुकानाच्या मागच्या रानात वाडा होता. मेंढरं, कुत्रं आणि एक आजी. बाकी कुणी नाही. आजी म्हणाली, "तुमची वाट बगून बगून दीड घंटा ग्येला. ती कुनाला हालू देईना. डाक्टर निघाल्यात म्हनायची, आपुन हाललो तर चुकामूक व्हईल म्हनायची. मंग मालकांनी टॅक्टर काढला." मालक म्हणजे ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती ते.

ट्रॅक्टर आम्हाला परतीच्या वाटेवर, फाट्यावर उभा दिसला. डिझेल संपलं नव्हतं, टायर फुटला नव्हता. पुढं जाण्याचं कारण संपलं म्हणून तो थांबला होता. डॉक्टर ट्रॉलीत चढले, गुडघ्यावर बसले, बराच वेळ नाडी बघत राहिले. मग औषधाची पेटी न उघडता खाली उतरले. हौसाबाई ट्रॉलीत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आलात व्हय." त्यात राग नव्हता. मला राग हवा होता.

डॉक्टर मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. उलट म्हणाले, दंश नागाचा होता, वेळेत पोचलो असतो तरी सांगता आलं नसतं. ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. गेला तो एक वाजल्यापासूनचा वेळ. तो माझ्या हातून गेला.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी नवीन निरोप भरला. पंखा बंद करायचं सुचलं नाही. एकदाच भरला, परत ऐकला नाही. "मी इथे नाही. हे यंत्र बोलतंय. मी ऐकत नाही, उत्तर देणार नाही, माझ्यासाठी थांबू नका. कुठून बोलताय ते आधी सांगा. काय झालंय ते सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. पान लागलं असेल तर आमची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या." मिनिटाचं बटण मी तीन मिनिटांवर नेलं. कॅसेट भरली तर भरली.

हा निरोप मोबाईल घरोघरी पोचेपर्यंत तसाच होता. घरघर ऐकू यायची, मागे एसटीचा हॉर्न पण होता. भाचेसुनेला जे प्रोफेशनल म्हणायचंय, त्यातलं त्यात काही नव्हतं. पण लोक बोलायला लागले. एकदा दुपारी एका बाईनं फक्त एवढं सांगितलं, "वड्याच्या पल्याड, जांभळीखाली, आमच्यांना पान लागलंय, निघालोय आमी सरकारी दवाखान्यात." डॉक्टरांनी तिकडे फोन करून औषध तयार ठेवायला सांगितलं. तो माणूस वाचला. आठ दिवसांनी पेढे घेऊन आला आणि मला म्हणाला, "ताई, तुमीच सांगितलं थांबू नका म्हनून." मी पेढा घेतला. कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. मला दुसराच माणूस आठवत होता.

त्याचं नाव मी इथपर्यंत लिहिलेलं नाही. केसपेपरवर होतं, मला पाठ आहे. पण ते कुणाच्या तोंडून आलं ते सांगितल्याशिवाय लिहिणं मला बरोबर वाटत नव्हतं.

महिन्याभरानं हौसाबाई दवाखान्यात आली. सोबत बायडी. सरकारी सोपस्कार झाले होते, पण पुढच्या कागदांना आमच्या डॉक्टरांचं पत्र हवं होतं. कपाळ मोकळं होतं. मी बसायला खुर्ची दिली, ती नेहमीप्रमाणे खाली भिंतीला टेकून बसली. तिची नजर टेबलावरच्या यंत्राकडे गेली.

"ह्यातनंच बोलला व्हता का तुमी?"

"हो," मी म्हटलं. "पण मी इथे नव्हते, हौसाबाई. आधी बोलून ठेवलेलं होतं. तुम्ही बोलत होतात तेव्हा कुणीच ऐकत नव्हतं."

तिनं बायडीला जवळ ओढलं.

"म्या थांबले व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, ताई कागद शोधत्यात."

"माझं चुकलं," मी म्हटलं. टेबलाच्या आडून म्हणता येईना म्हणून उठून तिच्याजवळ खाली बसले आणि पुन्हा म्हटलं. मला रडू आवरलं नाही. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग मी डोळे पुसले आणि पत्राचा कागद घेतला. वर नाव लिहायचं होतं. तिला विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. केसपेपर शेजारीच काढून ठेवला होता, त्यावरून उतरवून घेणार होते. तिनं ते पाहिलं. बायडी सवयीनं नाव सांगायला पुढं झाली, तिला तिनं हातानं मागं केलं.

"त्यात नका बगू," ती म्हणाली. "इचारा मला. आता कशाला भ्यायचं?"

मी विचारलं नाही. पण तिनं ते ऐकल्यासारखं केलं, पदर सावरला, ताठ बसली आणि सांगितलं. फोनमध्ये मी ज्या क्रमानं सांगायला सांगितलं होतं, त्याच क्रमानं.

"देवराम बिरा करगळ. मुक्काम वाड्यावर. पान लागलं."